पित्ती, शीळस आणि एक वही

आमच्या घरात या विकाराला तीन नावे आहेत. माझे माहेर अकोल्याचे आणि घरची बोली गुजराती. तिथे त्याला शीळस म्हणत. सासर गोंदियाचे, मारवाडी-हिंदी वळणाचे. सासूबाई ‘पित्ती उछली’ असे म्हणतात. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या तोंडी मात्र ‘अंगावर पित्त निघालं’ हेच शब्द असतात. आयुर्वेदाने शीतपित्त, उदर्द आणि कोठ अशी नावे दिली, आणि माधवनिदानात त्यांचे स्वतंत्र प्रकरण केले. तेथे या सुजेला गांधीलमाशीच्या दंशाची उपमा आहे. आधुनिक वैद्यकातील अर्टिकेरिया हे नाव अंगाला लागताच आग करणाऱ्या एका वनस्पतीच्या लॅटिन नावावरून आले. कातडीवर जी लालसर, फुगीर, खाजरी उठते, तिला मराठीत गांध म्हणतात. एक उठली की पाठोपाठ अनेक गांधी उठतात.

यांपैकी ‘पित्त’ हा शब्द मला सर्वांत अडचणीचा वाटतो. छातीत जळजळ झाली तरी पित्त, आंबट उलटी झाली तरी पित्त, डोके दुखले तरी पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरीही पित्तच! नाव एकच असल्यामुळे कारणही एकच असावे असे आपण धरून चालतो आणि खाज कातडीला सुटली असता शोध स्वयंपाकघरात सुरू होतो. गेली तीन वर्षे मी या विकारासह राहते आहे. त्या काळात मला खाजेने जितके छळले, त्याहून अधिक या शोधाने छळले, असे म्हणावेसे वाटते. आपल्या घरांतून हा विकार पुष्कळ आढळतो आणि त्याबद्दल बोलणे मात्र ‘कोकमाचे पाणी पी’ एवढ्यावर संपते. म्हणून हे लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात हे सुरू झाले. कार्तिक म्हणजे आमच्याकडे धानाचा हंगाम. दिवाळी सरली की आमगाव, गोरेगाव, सालेकसा या बाजूंनी धानाचे कट्टे येऊ लागतात, राईस मिल रात्रंदिवस चालतात आणि गावभर तुसाची बारीक धूळ तरंगत असते. आमचा व्यवसाय तांदळाचा. तेव्हा प्रथम दंडावर, मग पोटावर, मग मांड्यांवर गांधी उठल्या, तेव्हा सर्वांनी एकमुखाने धानाच्या धुळीला दोषी ठरवले. ते साहजिकही होते. आमच्या गोदामातील हमाल धान उतरवताना दुपट्ट्याने मान व कान गुंडाळून घेतात. धानाचे कूस टोचून त्यांच्या अंगाची लाही होते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहतो.

पण त्या खाजेत आणि माझ्या खाजेत फरक होता. कुसाची खाज उघड्या अंगावर येते, जिथे धूळ लागली तिथेच येते, आणि आंघोळ केली की उतरते. माझ्या गांधी साडीच्या आत झाकलेल्या कातडीवर उठत. संध्याकाळी दंडावर आलेली गांध रात्री नाहीशी होई आणि पहाटे ती पाठीवर उगवे. सकाळी डॉक्टरांना दाखवायला जावे तर अंग आरशासारखे स्वच्छ! मागे डाग नाही, साल निघणे नाही. पुढे कळले की हेच या विकाराचे ओळखपत्र आहे. कोणतीही एक गांध साधारणतः २४ तासांच्या आत पूर्णपणे विरते. नव्या उठत राहतात, म्हणून विकार सलग वाटतो. एकच गांध दोन-दोन दिवस जागा सोडत नसेल, खाजण्यापेक्षा दुखत असेल किंवा जाताना काळानिळा डाग ठेवत असेल, तर ते प्रकरण वेगळे असू शकते आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलेच पाहिजे. मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, ही साधी युक्ती माझ्या मुलीने सुचवली आणि तपासणीत तीच सर्वांत उपयोगी ठरली.

एका पहाटे माझा वरचा ओठ सुजून नाकाला टेकला. डोळ्याची पापणी मिटली गेली. घरात घबराट झाली. कातडीच्या खोल थरात जेव्हा हाच प्रकार घडतो, तेव्हा ओठ, पापण्या, हात असे अवयव सुजतात. ही सूज भयानक दिसते, पण नुसती ओठापापणीची असेल तर एक-दोन दिवसांत उतरते. मात्र जीभ वा घसा सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, भोवळ येणे, उलट्या होणे, यांतले काहीही गांधींसोबत दिसले तर एक क्षण दवडू नये. १०८ क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालय गाठावे. अशा वेळी मांडीत दिलेले अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन प्राण वाचवते, घरातली खाजेची गोळी नव्हे.

आता हे घडते कसे, ते मला जसे समजले तसे सांगते. आपल्या कातडीत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन १८७८ मध्ये केले. त्या कणांनी गच्च भरलेल्या दिसल्या, म्हणून त्याने पोसलेल्या, पुष्ट अशा अर्थाचे नाव त्यांना दिले. आमच्या भाषेत सांगायचे तर त्या भरलेल्या गोदामासारख्या असतात, आणि त्यांतल्या कट्ट्यांत हिस्टामिन नावाचे द्रव्य असते. काही निमित्ताने गोदामाचे दार उघडले की हिस्टामिन बाहेर सांडते. जवळच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपते, कातडी फुगते आणि मज्जातंतू चेतवले जाऊन खाज सुटते. जठरातल्या आम्लाचा, म्हणजे ज्याला आपण एरवी पित्त म्हणतो त्याचा, या दाराच्या उघडझापीशी थेट संबंध नाही.

दार कोण उघडते, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर विकार किती दिवसांचा आहे यावर पुष्कळसे अवलंबून असते. वैद्यकाने येथे ६ आठवड्यांची रेघ ओढली आहे. त्याआधी थांबणारा तो तात्पुरता प्रकार. लहान मुलांत तो बहुधा सर्दी-तापाच्या विषाणूबरोबर येतो. कुणाला एखाद्या प्रतिजैविकाने येतो. कुणाला शेंगदाणा, काजू, तीळ, दूध अशा पदार्थाने. पदार्थ खरोखरच दोषी असेल तर तो फारसा लपत नाही. खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत गांधी उठतात आणि प्रत्येक वेळी उठतात. काजूकतली खाल्ली की दरवेळी ओठ सुजणाऱ्या मुलाला ती पुन्हा ‘थोडीशी’ देऊन पाहण्याचा उत्साह कुणी दाखवू नये.

६ आठवड्यांहून अधिक काळ रोज किंवा एक-दोन दिवसांआड गांधी उठत राहिल्या, तर तो दीर्घकालीन प्रकार. त्यात बहुतेकांच्या बाबतीत बाहेरचा कुणीही दोषी सापडत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्थाच आपल्या मास्ट पेशींना चेतवत असते, असे आज मानले जाते. म्हणूनच अशा रुग्णांत थायरॉइडच्या तक्रारी इतरांहून अधिक आढळतात आणि डॉक्टर थायरॉइड तपासून घेतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार सुमारे दुप्पट दिसतो. तो संसर्गजन्य नाही, कुष्ठ वा कोड यांच्याशी त्याचे नाते नाही, आणि बहुसंख्य लोकांत काही वर्षांनी तो आपोआप शमतो.

बाहेर दोषी नाही, हे पचवणे आपल्या स्वभावाला फार कठीण जाते. आम्ही व्यापारी माणसे; तूट आली की ती कुठल्या खात्यात आली ते सापडल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. माझ्या बाबतीत घरच्या माणसांनी प्रेमापोटी नागपूरला एका प्रयोगशाळेत रक्त देण्याचा घाट घातला. शंभराहून अधिक पदार्थांची तपासणी झाली. अहवाल रंगीत होता. ३८ पदार्थांपुढे लाल खूण होती: तूर, वांगे, टोमॅटो, दही, गहू, शेंगदाणा, चिंच, केळे आणि आणखी पुष्कळ काही. कंदमुळे आमच्या घरात आधीच वर्ज्य, सूर्यास्तानंतर जेवण नाही. त्यातून हे ३८ वजा केले तर ताटात तांदूळ, मूग आणि दुधीभोपळा एवढेच उरत होते. सासूबाईंनी ती यादी फ्रिजवर चिकटवली आणि माझ्यासाठी वेगळी भाजी शिजवू लागल्या. सत्तरी ओलांडलेली बाई सुनेसाठी वेगळी चूल सांभाळते, हे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी येई. त्यांच्या मायेला नाही म्हणवत नव्हते आणि त्या ताटाकडे पाहवतही नव्हते.

तेव्हा मी यजमानांकडून दुकानातली एक कोरी वही मागून घेतली. तिचे रकाने आखले. रोज सकाळी मागच्या २४ तासांचा जमाखर्च लिहायचा: गांधी किती, खाज किती, काय खाल्ले, ऊन किती लागले, झोप कशी झाली, पाळीची तारीख, आणि घेतलेली प्रत्येक गोळी. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी वही पाहिली तेव्हा त्यांनी सांगितले की जगभर डॉक्टर असाच हिशेब ठेवतात. गांधींना ० ते ३ गुण, खाजेला ० ते ३ गुण; दिवसाचे जास्तीत जास्त ६ आणि आठवड्याचे ४२. तेव्हापासून मीही तेच माप वापरू लागले.

यादी तीन आठवडे अक्षरशः पाळली. आठवड्याची बेरीज आधी २७ होती. तीन आठवड्यांनंतर २६. मधल्या काळात माझे वजन अडीच किलोने उतरले. मग एकेक पदार्थ परत आणला. वांग्याच्या भरीताच्या दिवशी ३ गुण, मुगाच्या दिवशी ५. तुरीच्या वरणाच्या दुसऱ्या दिवशी अंग स्वच्छ. हिशेब इतका उघड होता की यजमानांनी स्वतःच यादी फ्रिजवरून काढली. डॉक्टरांनी याचे कारण थोडक्यात सांगितले: रक्ताच्या अशा तपासणीतली लाल खूण म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख आहे एवढेच, त्याने गांधी उठतात असा तिचा अर्थ नव्हे. दीर्घकालीन प्रकारात या तपासण्यांच्या मागे लागण्याची सहसा गरजच नसते.

येथे एक गोष्ट मला स्पष्टपणे मांडावीशी वाटते. आपल्याकडे पदार्थ सोडण्याला प्रतिष्ठा आहे, आणि ती असावी. चातुर्मासात मीही हिरव्या भाज्या सोडते. पण तो त्याग आनंदाने, मुदत ठरवून, कुणाच्या तरी साक्षीने केलेला असतो. अहवालाला घाबरून सोडलेले वांगे त्या कोटीत बसत नाही. आजारी माणसाच्या ताटातून असे पदार्थ काढून घेताना घरच्यांना आपण काही पुण्यकर्म करीत आहोत असे वाटू लागते, आणि मग ते थांबतच नाहीत.

वहीने निर्दोषांची सुटका केली, तशी काही खऱ्या चेतवणाऱ्या गोष्टींकडेही बोट दाखवले. गुडघेदुखीसाठी मी अधूनमधून वेदनाशामक गोळी घेत असे. ती घेतल्यानंतरच्या रात्री बेरीज हमखास ६ होई. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या कुळातल्या गोळ्या अनेक रुग्णांत गांधी भडकवतात. डॉक्टरांनी त्याऐवजी पॅरासिटॅमॉल लिहून दिले. दुसरी गोष्ट दाब. परकराच्या नाडीखाली कंबरेभोवती गांधींचा पट्टाच उठे. भाजीची जड पिशवी उचलली की बोटांवर रेघ उमटे. नाडी सैल केली, रुंद पट्ट्याचे परकर शिवून घेतले. तिसरी गोष्ट उष्णता. गोंदियाचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत रसोडे सकाळी लवकर आटोपणे आणि कोमट नव्हे तर साध्या पाण्याने दोनदा आंघोळ करणे, याने बराच उतार पडला. या तिन्ही गोष्टी रोगाचे मूळ नव्हेत. पेटलेल्या चुलीवर फुंकर घालू नये, एवढाच त्यांचा अर्थ.

उष्णतेवरून आठवले. सासूबाईंच्या माहेरी पित्ती उठली की अंगाला गेरू फासून काळ्या घोंगडीत गुंडाळून ठेवत. घोंगडीने घाम आणि दाह वाढून खाज अधिकच चेततो, तेव्हा तो प्रयोग टाळलेलाच बरा. चारोळीची गोष्ट निराळी. आमच्या जंगलातला हा मेवा उन्हाळ्यात गावोगावच्या आदिवासी बाया बाजारात आणतात. दुधात वाटून त्याचा लेप पित्तावर लावण्याची जुनी चाल आहे. कोकणातून येणाऱ्या आमसुलाच्या पाण्याचीही तीच. दोन्हींनी गार वाटते, घटकाभर बरे वाटते. त्यांनी मास्ट पेशींचे दार बंद होत नाही, पण चारोळी वाटणाऱ्या हाताला नको म्हणण्याचेही कारण नाही.

दार बंद होत नसले तरी सांडलेल्या हिस्टामिनला आपले काम करू न देणे शक्य आहे. हिस्टामिनविरोधी गोळ्या हेच करतात. जुन्या पिढीच्या गोळ्या, ज्यांत घरोघरी ठाऊक असलेली अॅव्हिल येते, मेंदूपर्यंत पोहोचून गुंगी आणतात. गल्ल्यावर बसणाऱ्याला, गाडी चालवणाऱ्याला आणि वृद्धांना त्या त्रासाच्या. नव्या पिढीतल्या लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन यांनी गुंगी पुष्कळ कमी येते. सेटिरिझिनने मात्र काहींना झोप येते. मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे, की गोळी खाज सुटल्यावर घ्यायची नसते. खाज असो वा नसो, रोज ठरल्या वेळी घ्यायची असते. पाऊस सुरू झाल्यावर धानावर ताडपत्री टाकण्यात काय हशील? एका गोळीने भागले नाही तर डॉक्टर आपल्या देखरेखीखाली मात्रा नेहमीच्या चौपटीपर्यंत वाढवू शकतात. स्वतःच्या मनाने मात्र हे करू नये. त्यानेही न थांबणाऱ्यांसाठी ओमॅलिझुमॅब नावाचे इंजेक्शन आहे; ते दर ४ आठवड्यांनी घ्यावे लागते आणि खर्चिक आहे. मला दोन गोळ्यांनी पुरले.

एका दवाखान्यात मला ‘एका सुईत आराम’ मिळाला होता. आराम खरा होता. तीन दिवस टिकला. सुई स्टेरॉइडची होती. तीव्र भडक्यात डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड देतात, पण दर पंधरवड्याला ते टोचून घेतले तर साखर, रक्तदाब आणि हाडे यांची किंमत मोजावी लागते. सुई कसली आहे हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. २०१६ पासून गोंदियातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रत्येक वेळी नागपूरची गाडी धरण्याचीही आवश्यकता नाही.

आपल्या घरांतला एक वेगळा प्रश्न वेळेचा आहे. औषध ‘रात्री झोपताना’ असे लिहिलेले असते आणि चौविहार करणाऱ्याने सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो. कित्येक जणी डॉक्टरांना हे सांगत नाहीत आणि गोळीच बुडवतात. मी सांगितले. दिवसातून एकदा घ्यायच्या या गोळ्यांचा असर साधारण २४ तास राहतो, त्यामुळे संध्याकाळच्या जेवणानंतर, सूर्यास्तापूर्वी घेतली तरी काम होते. बिलास्टिन मात्र रिकाम्या पोटी, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावे लागते. तिची वेळ सकाळची ठेवावी. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेऊ नये. कॅप्सूलच्या जिलेटिनचा प्रश्नही अनेकींच्या मनात असतो. ही औषधे साध्या गोळीच्या रूपात सहज मिळतात. उपवासाच्या दिवशी काय करावे, हे पच्चक्खाण घेण्यापूर्वीच साध्वीजींना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारून घ्यावे. गेल्या पर्युषणात मी अठ्ठाईचा विचार सोडून एकासणे केली आणि गोळी एकदाही चुकवली नाही. सासूबाईंनी प्रथम भुवया उंचावल्या, मग आठव्या दिवशी स्वतःच पारण्याचे ताट वाढले.

माझ्या वहीतली आठवड्याची बेरीज आता बहुधा २ किंवा ३ असते. गेल्या महिन्यापासून डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आहे.

वही आता माझ्या पुतणीने नेली आहे. ती २४ वर्षांची. तिला चार महिन्यांपासून गांधी उठतात. तिच्या लग्नाची बोलणी सुरू होती आणि मोठ्या जाऊबाईंचे म्हणणे असे, की ‘अंगावर काही निघते’ हे सांगू नये. पाहायला येतील त्या दिवशी जास्तीची गोळी देऊन बसवावे. मुलींच्या कातडीबद्दल आपल्याकडे जे कुजबुजले जाते ते पाहता त्यांची भीती मला कळत होती. पण पुतणी ठाम राहिली. माझा सल्ला विचारला तेव्हा मीही सांगितले, की जो विकार लागत नाही, ज्याची खूण उरत नाही आणि जो रोजच्या एका गोळीने आवरतो, तो लपवल्याने मात्र मोठा होतो. जानेवारीत राजनांदगावहून पाहुणे आले. चहा झाल्यावर तिने स्वतःच सारे सांगितले, वहीसुद्धा दाखवली. मुलगा रकाने वाचत बसला. थोडा वेळ कुणी काही बोलले नाही. मग मुलाच्या आईने माझ्याकडे वळून विचारले, “गोळी दिवस मावळायच्या आत घेतली तर चालते ना? आमच्याकडे सगळेच चौविहार करतात.”

चालते, असे मी सांगितले.